एकच चाक तापत होतं

फडोळनाना कुणाच्याही उभ्या गाडीजवळून नुसते जात नसत. गाडी नुकतीच येऊन थांबलेली असली की चालता चालता वाकायचे, उजवा हात उलटा करून चाकापासून दोन बोटांवर धरायचे, क्षणभर थांबायचे आणि पुढच्या चाकाकडे जायचे. चारही चाकं झाली की सरळ होऊन आपल्या वाटेनं निघायचे. तळहात कधी पुढे करत नसत. "तळहात कामानं जाड झालेला असतो. त्याला उशिरा कळतं," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. सोसायटीत नव्यानं राहायला आलेल्यांना हा काय प्रकार आहे ते कळायचं नाही. कुणीतरी एकदा त्यांना हटकलंही होतं. नाना रागावले नाहीत. "चाकं बरी हायेत तुमची," एवढं म्हणून पुढे गेले.

मखमलाबाद रस्त्याला आमची चौदा घरांची सोसायटी ज्या जमिनीवर उभी राहिली, ती एके काळी फडोळांचीच मळई, म्हणजे भाजीपाल्याची काळी जमीन, होती. पाटाच्या पलीकडे त्यांचे दोन भाऊ अजून शेवंती, मेथी, कोथिंबीर लावत आणि पहाटे पंचवटीच्या बाजारात नेत. नाना मात्र विशीतच मातीतून उठून सातपूरच्या एका कारखान्यात गेले आणि तिथल्या तपासणी खात्यात एकतीस वर्षं काढून निवृत्त झाले. उंच, काटकुळे, अंगात दोन खिशांचा खाकी शर्ट. एका खिशात चष्मा, दुसऱ्यात सहा इंची पोलादी पट्टी. आमच्या घराच्या समोरचंच त्यांचं घर. ते आणि सुमनबाई, दोघंच राहायचे.

बोलणं कमी. प्रश्न मात्र नेमका. पाण्याची मोटर बंद पडली, कुणाचं पोट दुखलं, कुणाच्या भिंतीला ओल आली, नानांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय झालं ते नंतर. कधी होतं ते सांगा." माझ्या मुलीला ताप आला तेव्हा मी थर्मामीटर घेऊन डॉक्टरांकडे धावत होते, तर फाटकाशी उभे राहून त्यांनी विचारलं, "सकाळी चढतो का संध्याकाळी?" मला सांगता आलं नाही. दवाखान्यात पोहोचल्यावर डॉक्टरांनीही पहिलं तेच विचारलं.

कारखान्यातली त्यांची एक गोष्ट मला त्यांच्याकडून कधीच कळली नाही. त्यांच्या खात्यातले काळे म्हणून एक गृहस्थ दिवाळीला भेटायला यायचे, त्यांनी सांगितली. ट्रॅक्टरला लागणाऱ्या भागांचा एक मोठा लॉट बाहेर पडायचा होता. ट्रक दारात उभे होते. नानांना त्यातल्या काही नगांवर केसाएवढी चीर दिसली. त्यांनी सही केली नाही. वरचे साहेब आले, त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "फडोळ, ही खरचटल्याची रेघ आहे." नाना म्हणाले, "असेल साहेब. मग तुम्ही सही करा." साहेबांनी सही केली नाही. लॉट गेला नाही. दुसऱ्या महिन्यात नानांची बदली भंगाराच्या यार्डात झाली. सात वर्षं ते तिथे होते. बढती नाही, जादा कामाचे पैसे नाहीत. काळे सांगत होते आणि नाना बशीतल्या चिवड्यातले शेंगदाणे एकीकडे सारत बसले होते, जणू दुसऱ्या कुणाचं चाललं आहे.

माझ्या गाडीची गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. गाडी वडिलांची होती. ते गेल्यावर भावाला ती विकायची होती, मी मागून घेतली. तेव्हाच ती वीस वर्षांची होती. मी पेठच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत असे आणि माझ्याबरोबर देवरे बाई आणि महाले सर असे दोघं सहकारी नाशिकहून रोज येत. यजमान धुळ्याला बँकेत होते, शनिवारी यायचे. त्यामुळे गाडीचं सगळं मलाच बघावं लागे.

त्या वर्षी तिला एक खोड लागली. निघताना ठीक असायची. पंधरा-वीस किलोमीटर गेलं, चार-सहा वेळा ब्रेक लागले, की ब्रेक मारताना ती डावीकडे ओढायची. मग ब्रेक सोडला तरी जड चालायची, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. करपट वास यायचा. पेठला पोहोचून तास-दोन तास उभी राहिली की पुन्हा शहाण्यासारखी. गॅरेजमध्ये नेली तर तिथे पूर्ण बरी. पहिल्या गॅरेजवाल्यानं पुढचे लायनर बदलले. दुसऱ्यानं डाव्या चाकातला ब्रेकचा छोटा सिलिंडर बदलला. तिसऱ्यानं पेडलपाशी असतो तो मोठा, मास्टर सिलिंडर बदलला. खोड गेली नाही. शेवटी मीच चुकत असेन असं सगळ्यांचं ठरलं. "मॅडम, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून चालवता का?" हा प्रश्न मी तिघांकडून ऐकला. यजमानांनीही फोनवर जरा चाचरत तोच विचारला. रोज ऐकून मलाही वाटायला लागलं होतं की ठेवत असेन पाय. गाडी चालवताना मी सारखी उजव्या पायाकडे बघायला लागले होते, आणि घाटात ते काही बरं नव्हे.

एका दुपारी साडेचारच्या सुमाराला मी पेठहून आले. नाना अनंताच्या झाडाला पाणी घालत होते. बादली खाली ठेवून ते आले, नेहमीसारखे वाकले. मागची दोन, पुढचं उजवं. डाव्याशी आले आणि हात झटकन मागे घेतला. पुन्हा एकदा तिन्ही चाकांशी जाऊन आले.

"ताई, हे चाक तापलंय. बाकीची तीन गार हायेत."

"मी ब्रेकवर पाय ठेवते म्हणतात सगळे."

"पाय ठेवला असता तर चारही तापली असती. पाय काय एका चाकाचा नसतो." ते थांबले. "कधी होतं हे?"

मी सांगायला लागले आणि माझा आवाज भरून आला. गाडीच्या ब्रेकसाठी माणूस रडतं का? पण तीन महिन्यांत मला खोटं न ठरवता ऐकून घेणारं पहिलं माणूस समोर उभं होतं. नानांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. चाकाकडे बघत म्हणाले, "उद्या मी येतो पेठला."

दुसऱ्या दिवशी सुमनबाईंनी बांधून दिलेली भाकरी आणि पाण्याची बाटली घेऊन ते पुढच्या सीटवर बसले. देवरे बाई आणि महाले सर मागे. वाटेत तीनदा त्यांनी गाडी थांबवायला लावली. उतरून बोटांनी प्रत्येक चाकावर पाण्याचे थेंब शिंपडायचे आणि कान जवळ न्यायचे. तिसऱ्या वेळी, सावळघाट चढून गेल्यावर, डाव्या चाकावर थेंब चर्रर्र करून उडाले. नानांनी जॅक लावून ते चाक उचललं आणि हातानं फिरवून पाहिलं. फिरेना. माझा पाय तेव्हा गाडीबाहेर जमिनीवर होता. ते महाले सरांना म्हणाले, "बघा सर. बाईंचा पाय इथं हाय."

त्या दिवशी पाच तास ते कॉलेजच्या मैदानातल्या मोहाच्या झाडाखाली बसून राहिले. मी मधल्या सुट्टीत जाऊन विचारलं, "नाना, कंटाळला असाल." ते म्हणाले, "चाकाला गार व्हायला वेळ लागतो. मला काय झालंय?"

घरी आल्यावर त्यांनी दोन दिवस काही उघडलं नाही, नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी पेडलखाली डोकं घालून बराच वेळ होते. बाहेर आले ते चेहरा बदलूनच. "मास्टर सिलिंडर कुणी बसवला?"

मी दिंडोरी रोडवरच्या एका गॅरेजचं नाव सांगितलं. नानांनी खिशातली पट्टी काढली, पुसली, परत ठेवली. मग म्हणाले, "पेडल आणि सिलिंडरच्या मधी एक दांडी असते. पाय उचलला की तिला जराशी ढील पाहिजे, नायतर दाबलेलं तेल माघारी फिरत नाय, ब्रेक धरून राहतो. हितं ढीलच ठेवलेली नाय." त्यांनी दांडी पट्टीनं मोजून ढिली केली. आम्ही गाडी पेठ रस्त्याला दहा किलोमीटर फिरवून आणली. चाक तापलं नाही. मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांचं लक्ष नव्हतं. त्याच पावली ते चपला घालून कुठेतरी निघून गेले.

कुठे गेले ते मला संध्याकाळी सुमनबाईंनी सांगितलं. ते गॅरेज त्यांच्या मुलाचं, राजूचं होतं.

मी सहा वर्षं समोर राहत होते आणि त्यांना मुलगा आहे, तो गावातच राहतो, हे मला माहीत नव्हतं. सुमनबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. मान वर न करता सांगत राहिल्या. नाना भंगाराच्या यार्डात होते त्याच वर्षांत राजूचं पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष होतं. घरात ओढाताण झाली, त्यानं शिक्षण सोडलं आणि एका गॅरेजात हाताखाली लागला. पुढे स्वतःचं टाकलं. "त्याचा हात चांगला हाय ताई. पण ह्यांना पटत नाय. हे गॅरेजात जायचे आन् गिऱ्हाइकासमोर म्हणायचे, हा पार्ट बदलायची गरज नव्हती. एक दिवस तो म्हणाला, नाना, खरं नेहमी तुम्ही बोललात, भोगलं आम्ही. त्याला सात वर्षं झाली. उंबऱ्याला पाय लागला नाय त्याचा." मेथीची एक जुडी संपवून त्यांनी दुसरी ओढली. "आज पुन्हा गेले. चार लोकांत त्याला म्हणाले, बाईमाणूस घाटातनं गाडी चालवतं, तिच्या जिवावर उठला होतास तू."

पुढचे पंधरा दिवस परीक्षांची कामं नाशिकलाच होती. गाडी घर ते केंद्र एवढीच फिरली आणि छान चालली. मग कॉलेज सुरू झालं. पहिले तीन दिवस रस्ता मोकळा मिळाला, ब्रेक फारसा लागला नाही आणि काही झालं नाही. चौथ्या दिवशी परत येताना सावळघाट उतरत होतो. पुढे एक बस होती, वळणावळणाला ब्रेक लागत होता. वास मला आधी आला. मग एका वळणावर मी ब्रेक दाबला आणि गाडी स्टिअरिंगला न जुमानता डावीकडे खेचली गेली. डावीकडे दरी होती. कठड्याच्या दगडाला धडकून आम्ही थांबलो. तो दगड तिथे होता म्हणून थांबलो. देवरे बाईंचं कपाळ पुढच्या सीटच्या दांडीवर आपटून फुटलं. महाले सर कितीतरी वेळ "काही नाही, काही नाही" असं म्हणत होते आणि दार उघडायचा प्रयत्न करत होते. दार त्यांच्या बाजूला उघडलं असतं तर ते खाली गेले असते. मी ओरडले तेव्हा त्यांनी हात काढला.

एका जीपवाल्यानं आम्हाला नाशिकला आणलं. देवरे बाईंना चार टाके पडले. गाडी दुसऱ्या दिवशी टेम्पोला बांधून आली. नाना त्यांच्या ओट्यावरून सगळं बघत होते. टेम्पो गेल्यावर ते आमच्या दारात आले. मी "बसा" म्हटलं, ते बसले नाहीत. आत पाऊलही टाकलं नाही.

"चूक माझी हाय, ताई."

"नाना, तुम्ही कशाला..."

"ऐका. दांडीला ढील नसली तर तेल चारही चाकांचं अडकतं. चारही तापायला पाहिजे. तुमचं एकच चाक तापत होतं. मीच तुम्हाला सांगितलं होतं ते, पहिल्या दिवशी." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "मला ते दिसत होतं. पण दांडी हातात आली, आन् बसवणारा राजू हाय असं कळलं. मग मी पुढं बघितलंच नाय. मला त्याची चूक पाहिजे होती. ती सापडली. मी थांबलो."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत लांब बोलणं. ते सांगत असताना माझ्या मनात देवरे बाईंचं कपाळ होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही आला होता. मी समजुतीचं काहीच बोलले नाही. पुढे अनेकदा वाटलं, बोलायला हवं होतं. पण बहुधा न बोलले तेच ठीक झालं. समजूत त्यांना नकोच होती.

"उद्या माझ्याबरोबर चला," ते म्हणाले. "तुम्ही समोर पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षानं दिंडोरी रोडला गेलो. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. दोन गाड्या उभ्या, दोन-तीन गिऱ्हाइकं बाकावर चहा पीत बसलेली, शिवाय शेजारचा पंक्चरवाला. राजू तिशीतला, बापासारखाच उंच; गाडी टाकायला आले होते तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आम्हाला पाहून त्यानं हातातला पाना खाली ठेवला नाही.

नाना शेडच्या मधोमध उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "राजू, मागच्या महिन्यात मी तुला चार माणसांत बोललो. ते चूक होतं. दांडी जरा कसलेली होती, पण दोष तिचा नव्हता. मी नीट तपासलं नाय. ताईंची गाडी घाटात कठड्याला गेली. देवानं तिघांना वाचवलं. तुला बोललो ते माघारी घेतो, चार माणसांतच घेतो."

बाकावरच्या माणसांनी चहाचे कप हातात तसेच धरले होते. राजू कापसाच्या बोळ्यानं हात पुसत राहिला, पुसून झाले तरी पुसत राहिला.

नाना आवाज खाली आणून म्हणाले, "अजून एक हाय. मला आता बारीक दिसत नाय. वरीस झालं. डाव्या डोळ्यापुढं धुकं हाय. तू बघ."

सुमनबाईंनाही हे ठाऊक नव्हतं. पट्टीवरचे आकडे ते बोटानं चाचपून ओळखायचे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

राजू बापाकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "गाडी कुठंय?"

रविवारी सकाळी आठला तो मोटरसायकलवरून आला. आधी पुढचा पत्रा ठोकून गाडी चालण्याजोगी केली. मग स्वतः पेठ रस्त्याला घेऊन गेला आणि मुद्दाम ब्रेक मारत मारत अर्ध्या तासानं परत आणली. नानांच्या फाटकासमोर जॅक लागला. चाक गच्च धरलेलं. नाना जमिनीवर पोतं टाकून शेजारी बसले. ते विचारायचे आणि राजू करायचा.

"निपल उघड."

राजूनं चाकामागची तेल सोडायची बारीक निपल अर्धा आटा उघडली. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं, हातानं गरगर फिरलं.

"म्हंजी चाकात तेल दाबून बसलंय. पाय काढला तरी बसलंय," नाना म्हणाले. "आता ते कुठं अडलं ते बघायचं. निपल लाव. पुन्हा तापवून आण."

राजू कुरकुरला नाही. पुन्हा अर्धा तास फिरवून आणली. चाक पुन्हा धरलं. मोठ्या सिलिंडरपासून चाकाकडे तेलाची पोलादी नळी येते, आणि शेवटची वीतभर नळी रबरी असते, चाक वळतं म्हणून. या वेळी नाना म्हणाले, "लोखंडी नळी आणि रबरी नळी जिथं जोडलीय तो आटा सोड." त्यांनी स्वतःच हात पुढे केला, पाना त्या जागेवर लावायला गेले आणि पाना दोन बोटं बाजूला पडला. पुन्हा तसंच.

"नाना, डावीकडं," राजू म्हणाला. मग त्यानं बापाचं मनगट धरून पाना जागेवर नेऊन बसवला, आणि तसाच धरून दोघांनी मिळून आटा सोडला.

एक थेंब आला. बस. चाक तसंच गच्च.

आधी बोलला तो राजू. "रबरी होज. वरच्या बाजूला तेल मोकळं आहे, खालच्या बाजूला कोंडलंय. मधी होजच आहे."

"बाहेरनं कशी दिसते?"

"एकदम चांगली. चकाचक." तो स्वतःशीच म्हणाला, "मी तीनदा हात लावलाय हिला."

होज काढली. राजूनं ती उंबऱ्यावर धरून करवतीनं उभी चिरली. बाहेरून काळी तुळतुळीत, आतून रबर फुगून लोळागोळा झालेलं. मधून सुईसुद्धा गेली नसती. ब्रेक दाबला की पायाच्या जोरानं तेल त्यातून चाकाकडे घुसायचं, पण पाय काढल्यावर माघारी फिरायला त्याला जोर कुठला? ते तिथेच बसायचं, चाक धरून ठेवायचं, तापायचं. गार झालं की हळूहळू झिरपून सुटायचं. म्हणून गॅरेजात गेली की गाडी बरी.

नानांनी ते दोन तुकडे हातात घेतले आणि अंगठ्यानं आतली बाजू चाचपत राहिले. "वीस वर्षं," एवढंच म्हणाले.

राजू बाजारातून नवे होज घेऊन आला, सगळ्याच चाकांचे. नाना म्हणाले, "आधी हा एक बदल. चालवून बघू. मग बाकीचे." राजू म्हणाला, "बाकीचेही तेवढेच जुने आहेत, नाना." "हायेत ना. बदलायचेच हायेत. पण आधी एक." राजू हसला. तो हसताना मी पहिल्यांदा पाहिला. एकच बदलला, तिसऱ्यांदा पेठ रस्ता झाला. परत आल्यावर नानांनी हात उलटा करून चाकाशी धरला आणि बाजूला सरकले. मग राजूनं तसाच हात धरला.

तोवर दोन वाजत आले होते. सुमनबाई कधीच्या दारात उभ्या होत्या. "जेवून जातोस?" त्यांनी विचारलं. मला वाटलं तो मोटरसायकलकडे जाईल. त्यानं दोन्ही हातांकडे पाहिलं, कोपरापर्यंत काळे झाले होते. "हात धुतो," म्हणाला आणि चपला काढून आत गेला. मी माझ्या घरी आले. खिडकी लावून घेतली. ते जेवण आपण बघू नये असं वाटलं.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. राजू आणि नाना यांचे खटके उडत. पण नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यानंच करवलं, आणि त्यानंतर नाना रोज दुपारी गॅरेजमध्ये जाऊन बसू लागले. गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही, असं राजूनं बजावलं होतं. ते त्यांनी पाळलं. काही सांगायचं असलं की गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबायचे. एकदा मी गाडी दाखवायला गेले होते तेव्हा एक जण गेल्यावर म्हणाले, "राजू, तुझं बरोबर होतं रे. तो पार्ट गेलाच होता." राजू गाडीखाली होता. ठोकणं थोडा वेळ थांबलं.

देवरे बाईंकडे नाना त्या अपघातानंतर दर महिन्याला एकदा जायचे. भावाच्या मळ्यातली भाजी द्यायचे, दारातूनच परत फिरायचे. बाई मला म्हणाल्या, "अगं, त्यांना सांग, माझं कधीच बरं झालंय." मी सांगितलं. नाना म्हणाले, "माहीत हाय." आणि पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. हे किती वर्षं चाललं कोण जाणे.

नव्या शतकाच्या सुरुवातीला मी गाडी विकली. नामपूरकडून एक कांद्याचे व्यापारी आले होते. त्यांनी टायरला लाथ मारून पाहिली, "गाडी भारी शे," असं अहिराणीत म्हणाले. नाना समोरून आले आणि तासभर त्यांना तिचं सगळं सांगत बसले: कुठे गंज आहे, कुठलं दार लागत नाही, घाटात ती कठड्याला कशी गेली, तेही. माझे यजमान मला खुणा करत होते. व्यापाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तिथेच सौदा पक्का केला. इतकं सांगितलं म्हणजे लपवलेलं काही नसणार, असं त्याचं म्हणणं.

नंतर आम्ही नाशिक रोडला राहायला गेलो. जाणं-येणं कमी झालं. सुमनबाई गेल्याचं उशिरा कळलं, भेटायला गेले तेव्हा नाना राजूकडे राहायला गेले होते. आणि नाना गेले हेही मला महिन्यानंतर कळलं, बाजारात त्यांच्या भावाच्या सुनेकडून.

त्याच्या वर्षभर आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. द्राक्षांचे दिवस होते, नाशिकच्या द्वारका चौकात पिंपळगावकडे जाणाऱ्या टेम्पोंची रांग लागली होती. मी रिक्षात होते. शेजारी एक गाडी येऊन थांबली. चालवत होता राजू, कानशिलावर केस पांढरे झालेले. मागच्या सीटवर नाना होते. झोपलेले. मान एका बाजूला पडली होती, तोंड किंचित उघडं, अंगावर कुणीतरी शाल नीट खोचून दिलेली. फार लहान दिसत होते.

मी हाक मारणार, तेवढ्यात राजूनं मला पाहिलं. ओळखलं. त्यानं मागे बोट दाखवलं आणि मग तेच बोट ओठांवर ठेवलं. मी मान हलवली.

सिग्नल सुटला. मागचे टेम्पोवाले हॉर्न वाजवायला लागले, एक जण तर खिडकीतून शिव्या देत होता. राजूनं घाई केली नाही. त्यानं गाडी इतकी सावकाश काढली की नानांची मान जराही हलली नाही.